मुंबई–न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाताना सोळा तास आणि येताना पावणेपंधरा का?

चिंचवडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची आई ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईहून न्यूयॉर्कला एकटी जाणार आहे, तिथून भाऊ गाडीने न्यू जर्सीला घरी नेईल, आणि जानेवारीच्या शेवटी ती परत येईल. नेटवर पाहिलं तर मुंबई–न्यूयॉर्क अंतर १२,५४० किलोमीटर आणि विमानाचा वेळ साडेचौदा तास असं दिसतं. तिकिटावर मात्र जाताना १६ तास २० मिनिटं आणि येताना १४ तास ५० मिनिटं आहेत. दोन्हीकडून थेट विमान, मध्ये थांबा नाही. मग खरा आकडा कुठला, आणि जाताना घेतलंय ते विमान संथ आहे का?

विमान संथ नाही. तिकिटावरचे दोन्ही आकडे खरे आहेत. नेटवरचा साडेचौदा तासांचा आकडा हा कुठल्याही विमानाचा वेळ नाही, तो भागाकार आहे: अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागलं, वर अर्धा तास उड्डाण-उतरणीचा धरला, झालं. पुणे–नागपूर काढायला तो चालतो. पृथ्वीला तिसरा हिस्सा वळसा घालणाऱ्या विमानाला तो जाताना दीड-दोन तासांनी चुकतो आणि येताना वीसच मिनिटांनी.

मी एकतीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचला होते. विमान पायलट चालवतो हे सगळ्यांना माहीत असतं. ते कुठल्या वाटेने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जाणार याचा कागद मात्र जमिनीवर रात्रपाळीला बसलेलं कुणीतरी तयार करतं. ते काम आमचं. शेवटची सही कॅप्टनची. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी जरा लांबवणार आहे, कारण आयुष्यभर मी हाच हिशेब केला.

आधी अंतर. १२,५४० हा आकडा बरोबर आहे, नॉटिकल मैलांत साधारण ६,७७०. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला आहे म्हणून दोरा अरबस्तानावरून आफ्रिकेच्या वरच्या काठाने जाईल असं वाटतं. तो तसा जात नाही. मुंबईहून तो जवळजवळ उत्तरेलाच निघतो, जेमतेम सत्तावीस अंश पश्चिमेला कललेला. कच्छच्या रणावरून पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याच्या आसपास, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिमेकडचा भाग, आणि नंतर चक्क मॉस्को. तिथून हेलसिंकीच्या किंचित वर, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक चाटून कॅनडातला लॅब्राडोर, आणि मग वरून खाली उतरत न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेला तो ६५ अक्षांशाला टेकतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि त्या रेघेवरून उडालात तर १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे सरळ दिसते ती वाट साडेसोळाशे किलोमीटर लांब, आणि धनुष्यासारखी वाकडी दिसते ती जवळची.

आता गंमत अशी की मुंबईहून निघालेलं आपलं विमान या दोऱ्यावरून जात नाही. दोरा ज्या देशांवरून जातो त्यांची यादी पुन्हा वाचा, कारण लगेच कळेल. पाकिस्तानचं आकाश भारतीय विमान कंपन्यांना २०१९च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद होतं, आणि एप्रिल २०२५मध्ये ते पुन्हा बंद झालं. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१मध्ये सत्ता बदलली, तिथली हवाई नियंत्रण व्यवस्था कोलमडली आणि कंपन्या तो तुकडा टाळू लागल्या. रशियाने २०२२मध्ये युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना दार लावलं, भारतीय कंपन्यांना नाही. जून २०२५मध्ये इराणचं आकाश काही दिवस मिटलं. म्हणजे वाट विज्ञानाने आखायची आणि मग परराष्ट्र खात्याच्या बातम्या वाचून पुन्हा आखायची.

पण यात मुंबई दिल्लीपेक्षा नशीबवान. दिल्लीच्या विमानाला पाकिस्तान टाळायचं तर आधी उलटं खाली गुजरातकडे यावं लागतं. मुंबईचं विमान धावपट्टी सोडली की समुद्रावरच असतं. अरबी समुद्र ओलांडून आखाताकडे, तुर्कस्तानवरून युरोपात, मग उत्तर समुद्र, स्कॉटलंड आणि अटलांटिक. लोकांना वाटतं केवढा वळसा! प्रत्यक्षात तोच दोरा इस्तंबूलवरून वळवून पुन्हा ताणलात तर एकूण लांबी साधारण साडेतीनशे किलोमीटरनेच वाढते. लांबचा दोरा मध्यावर जरा बाजूला ओढला तर फार महाग पडत नाही. कापड बेतणाऱ्या कुणालाही हे विचारा. याच्या पुढे प्रत्येक देशाचे ठरलेले मार्ग, लष्कराच्या सरावाचे बंद तुकडे, वादळं, हे सगळं धरून प्रत्यक्ष कागदावर १३,००० ते १३,५०० किलोमीटरचा मार्ग येतो. ५००–९०० किलोमीटर जादा, म्हणजे पाऊण-एक तास. तिकिटावरच्या फरकाचा पहिला हप्ता हा.

दुसरा आणि मोठा हप्ता वाऱ्याचा.

माझं माहेर गुहागरकडचं. दाभोळच्या बंदरातून वाशिष्ठीच्या खाडीने वर गोवळकोटाकडे मचवे जायचे, त्याच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या. मचवा भरती लागली की सुटायचा. वल्ही तेवढीच, माणसं तीच, पण पाणीच वर चाललेलं असल्यामुळे मचवा आपोआप ओढला जायचा. तोच मचवा ओहोटीत वर न्यायचा म्हटला तर दमछाक, आणि काठावरचं झाड हलायला तयार नाही. तांडेलाला विचारलं की किती वेळ लागेल, तर तो अंतर सांगायचा नाही, पाणी कुठे आहे ते विचारायचा. विमानाचं नेमकं तसंच आहे. विमान जमिनीच्या हिशेबाने उडत नाही, हवेच्या हिशेबाने उडतं. हवेतला त्याचा वेग ठरलेला: ३६–३८ हजार फुटांवर, बाहेर उणे ५५ अंश तापमानात, आवाजाच्या वेगाच्या ८४–८५ टक्के, म्हणजे ताशी सुमारे ८९० किलोमीटर. ती हवाच समोरून येत असेल तर जमिनीवरचा वेग तेवढा कमी, पाठून येत असेल तर तेवढा जास्त.

आणि त्या उंचीवर हवा एका जागी थांबलेली नसतेच. उत्तर गोलार्धात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या नद्या असतात, त्यांना आम्ही जेट म्हणतो. हिवाळ्यात एक नदी उत्तर भारत, इराण या पट्ट्यावरून वाहते, दुसरी अटलांटिकवरून. उन्हाळ्यात पहिली हिमालयाच्या पलीकडे सरकते आणि दुसरीचाही जोर ओसरतो. आमच्या नकाशावर वारा बाणांनी दाखवतात, बाणाला पिसं असतात: आखूड पीस ५ नॉट, लांब पीस १०, भरीव त्रिकोण ५०. रात्री अकराला कामावर आल्यावर पहिली नजर अटलांटिकवर टाकायची. त्रिकोणच दिसले नाहीत तर चहा घ्यायला वेळ आहे. दोन त्रिकोण आणि तीन पिसं दिसली, तर तो १३० नॉटचा, ताशी २४० किलोमीटरचा वारा, आणि नेमका आपल्या विमानाच्या तोंडावर. मग चहा राहिला बाजूला.

अशा रात्री काय करायचं? पूर आलेल्या नदीत उतरायचं नाही, काठाने जायचं. जाताना आम्ही जेटच्या उत्तरेला सरकतो, आइसलंडच्या अंगाने. त्यात किलोमीटर वाढतात, पण वेळ वाचतो. येताना उलट: विमान मुद्दाम त्या प्रवाहात घालायचं, त्यासाठी दक्षिणेला सरकावं लागलं तरी चालेल. म्हणून जातानाचा आणि येतानाचा रस्ता अटलांटिकवर सहसा एक नसतो. अटलांटिकवरचे मुख्य रस्ते तर रोज दोनदा नव्याने आखले जातात. अमेरिकेकडे जाणाऱ्या दिवसाच्या गर्दीचे रस्ते शॅनविक हे ब्रिटन-आयर्लंडचं केंद्र आखतं, युरोपकडे येणाऱ्या रात्रीच्या गर्दीचे कॅनडातलं गँडर. कालचा रस्ता आज असेलच असं नाही.

एकदा आकडे मांडून दाखवते. जाताना मार्ग १३,३०० किलोमीटर, हवेतला वेग ८९०, पूर्ण वाटेवर सरासरी समोरचा वारा ३५. जमिनीवरचा वेग ८५५, वेळ साडेपंधरा तासांच्या थोडा वर. येताना मार्ग १३,१००, सरासरी पाठचा वारा ४५, वेग ९३५, वेळ चौदा तास. सरासरी ३५ हा आकडा किरकोळ वाटेल, पण सोळा तासांच्या वाटेत वारा कुठे समोरून, कुठे आडवा, कुठे अजिबात नाही, असा असतो. दोन-तीन तास २००चा सोसायचा आणि बाकी वेळ निभावून न्यायची, त्याची सरासरी ही येते.

वाऱ्याने जाताना घेतलेलं येताना परत मिळतं, असं मात्र समजू नका. १२,००० किलोमीटर, वेग ९००, वारा नसेल तर जाऊन-येऊन २६ तास ४० मिनिटं. १००चा वारा लावा: जाताना ८००च्या वेगाने १५ तास, येताना १,०००च्या वेगाने १२ तास, बेरीज २७. वीस मिनिटं गेली ती गेलीच. विमान वाईट वाऱ्यात जास्त वेळ असतं आणि चांगल्यात कमी, म्हणून वारा नेहमी थोडं खाऊनच जातो.

अंतर आणि वेळ यांची फारकत किती होऊ शकते याचं माझं आवडतं उदाहरण ऑक्टोबर २०१६चं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिकवरून, पश्चिमेकडून जायचं. त्या महिन्यात ते पूर्वेकडून, चीन-जपान-पॅसिफिक करत नेलं. अंतर १५,३०० किलोमीटर झालं, नेहमीपेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर जास्त. वेळ लागला साडेचौदा तास, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. पृथ्वी त्याच दिशेला फिरते म्हणून फायदा झाला असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं. तसं नाही हो. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फायदा पाठच्या वाऱ्याचा. आणि फेब्रुवारी २०२०मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं, जमिनीवरचा वेग ताशी १,३२० किलोमीटरच्या वर गेला होता. आवाजाचा वेग त्याने ओलांडला नव्हता. त्याच्या भोवतालची हवाच पळत होती.

मग उशीर होत असेल तर पायलट वेग का वाढवत नाही, हा प्रश्न प्रत्येक लग्नात कुणीतरी मला विचारतंच. वाढवता येतो, पण दोन टक्के वगैरे. त्यापुढे हवेचा अवरोध एकदम चढतो आणि इंधन पाण्यासारखं जातं. या वाटेवरचं ७७७ ताशी सात-साडेसात टन इंधन पितं, एका फेरीला सव्वाशे टनांच्या घरात. यातली खरी गोम ही की इंधन वाहायलाही इंधन लागतं. वारा जास्त दिसतोय म्हणून कॅप्टनने दोन टन जादा मागितलं, तर न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत त्यातलं जेमतेम सव्वा टन उरतं. बाकीचं स्वतःचंच ओझं वाहण्यात जळालं. शिवाय वाटेतला अंदाज चुकला तर त्याची तरतूद, न्यूयॉर्क बंद झालं तर बोस्टन किंवा वॉशिंग्टनपर्यंत जाण्याचं, आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्याचं इंधन निघतानाच टाकीत हवं. त्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या इंधनाला कुणीही हात लावत नाही. काही वाईट रात्री हिशेब बसतच नाही. तेव्हा काही माल किंवा काही बॅगा मागे राहतात, नाहीतर युरोपात कुठेतरी इंधनासाठी उतरावं लागतं. जानेवारीत असं झालं तर विमानात गडबड उडते, पण ती बिघाडाची खूण नसते. वाऱ्यापुढे कुणी पैज लावली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक दावं बांधलेलं असतं: एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ कायम जवळ हवा. अटलांटिकवर त्यासाठी आइसलंडचं केफ्लाविक, कॅनडातले गँडर आणि गूस बे, दक्षिणेला अझोर बेटं. आम्ही रोज त्या ठिकाणांचं हवामान बघायचो, जिथे आयुष्यात पाऊल टाकलं नाही. हे उगाच नसतं. जून २०२३मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या टोकाला मगदानला उतरलं होतं.

तिकिटावरचा वेळ याहून थोडा जास्त का दिसतो, ते पटकन सांगते. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम: मुंबईत चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून न्यूयॉर्कला ते पुन्हा लावेपर्यंत. यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आलं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येते. रात्री एक-दोनला परदेशी विमानांची तिथे रांग लागते. न्यूयॉर्कला संध्याकाळी अर्धा-पाऊण तास जमिनीवर जाणं नेहमीचं. कंपन्या हे सगळं आणि मागच्या काही वर्षांचे वारे बघून वेळ छापतात, उन्हाळी आणि हिवाळी वेगवेगळा. म्हणून कधीकधी आई छापील वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचेल. ते विमान जोरात आलं म्हणून नव्हे, वारा अंदाजापेक्षा पडला म्हणून.

थेट विमान ही तशी अलीकडची चैन. एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ने न्यूयॉर्क गाठलं ते लंडनला थांबून. मुंबईहून न्यूयॉर्कला एका दमात जाणारं एअर इंडियाचं विमान सुरू झालं ऑगस्ट २००७मध्ये. पुढच्या वर्षी माझी मावशी त्याने गेली आणि परत आल्यावर वाड्यात सगळ्यांना सांगत सुटली, "रात्री दीडला बसले आणि सकाळी साडेआठला अमेरिकेत! सात तासांत नेलं हो पोरांनी." घड्याळातून घड्याळ वजा केलं की असं होतं. मी समजावायला गेले, पण तिला सात तासच आवडले होते.

तुमच्या आईच्या बाबतीत याच घड्याळात एक खड्डा आहे, तेवढा नीट बघा. ऑक्टोबरच्या शेवटी न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ एक तास मागे घेतात, म्हणजे जानेवारीत फरक साडेदहा तास. जाताना समजा रात्री १.३०ला विमान आहे. १६ तास २० मिनिटं मिळवली की आपल्याकडे संध्याकाळचे ५.५०, त्यातून साडेनऊ वजा, तिथे सकाळचे ८.२०. येताना समजा दुपारी १२.३०ला सुटतंय. साडेदहा मिळवा, आपल्याकडे रात्रीचे ११. त्यात १४ तास ५० मिनिटं, दुसऱ्या दिवशी दुपारी १.५०. जातानाचाच साडेनऊचा फरक डोक्यात ठेवलात तर एक तास आधीच विमानतळावर जाऊन उभे राहाल आणि विमान लेट आहे म्हणून घाबराल.

आईच्या गोळ्या घड्याळाच्या असतील, साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या, तर डॉक्टरांना तास सांगा, वेळ सांगू नका: "सोळा तास विमानात, वर साडेनऊ तासांचा फरक." ते वेळापत्रक लावून देतील. हातातलं घड्याळ तिला मुंबईचंच ठेवू दे, उतरल्यावर भाऊ बदलेल.

सीट मिळत असेल तर जाताना उजवीकडची खिडकी घ्या. विमान रात्रीबरोबरच पश्चिमेला पळत असतं, त्यामुळे दीडला निघालेल्या विमानाला पहाट भेटते ती जवळजवळ न्यूयॉर्कच्या तोंडाशी, जवळपास सगळा प्रवास अंधारात. उजवी खिडकी उत्तरेची. आइसलंडच्या आसपास आकाश मोकळं असलं तर कधीकधी हिरवा उत्तरध्रुवीय प्रकाश दिसतो. मला तो तीस वर्षांत एकदाच दिसला, कॉकपिटच्या मागच्या जादा सीटवरून. कॅप्टन कॉफी ढवळत होता, त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

आणि समोरच्या पडद्यावर नकाशाबरोबर ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीवरचा वेग, असा आकडा असतो, तो तिला दाखवून ठेवा. जाताना ८२०, ८४० असा रेंगाळताना दिसेल, येताना अटलांटिकवर हजाराच्या पुढे गेलेला. भावाला सांगा, ८.२० हा विमान थांबायचा वेळ आहे, आई बाहेर यायचा नाही. इमिग्रेशनची रांग आणि बॅगा मिळून तास-दीड तास सहज जातो, व्हीलचेअर मागितली असेल तर रांग वेगळी पण माणूस मिळेपर्यंत थांबावं लागतं. विमान उतरल्याचं फोनवर दिसलं की मग घरातून निघालं तरी न्यू जर्सीहून तो वेळेत पोहोचतो, पुलावर गर्दी नसली तर.